क्वांटम संगणक आणि विसरलेले वजा चिन्ह

विद्यार्थी मित्रांनो, क्वांटम संगणकाविषयीचे एक वाक्य तुमच्या कानांवर हमखास पडले असेल. विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर ते असते, वर्तमानपत्रांत असते आणि वक्तृत्व स्पर्धेतील भाषणांतही असते. ते असे : "साधा संगणक एकामागून एक उत्तर तपासतो, क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो." वाक्य सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपे आहे, आणि चुकीचे आहे. ते आपल्या वर्गांतून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या जागी काय यावे, तेही सांगतो. त्यासाठी आठवी-नववीच्या गणिताहून जास्त काही लागत नाही. अपूर्णांक, वर्ग, सरासरी आणि ऋण संख्या एवढे येत असले की पुरे.

आधी क्यूबिट म्हणजे काय ते पाहू. साध्या संगणकातील बिट हा ० असतो किंवा १ असतो. क्यूबिटाचे वर्णन करायला मात्र दोन संख्या लागतात : एक ० साठी, एक १ साठी. या संख्यांना आपण आयाम म्हणू. आयामाचा वर्ग केला की ते उत्तर मिळण्याची संभाव्यता येते. दोन्ही वर्गांची बेरीज १ भरली पाहिजे, कारण काही ना काही उत्तर तर मिळणारच. मुख्य गोष्ट ही की आयाम ऋण असू शकतो. खरे तर तो याहूनही विचित्र, म्हणजे सदसत् संख्याही असू शकतो. पण आपले आजचे काम ऋण संख्यांवर भागते.

दोन क्यूबिट घेतले तर ००, ०१, १० आणि ११ या चार शक्यतांसाठी चार आयाम लागतात. तिसरा क्यूबिट आला की आठ. प्रत्येक नव्या क्यूबिटागणिक आयामांची संख्या दुप्पट होते. ३०० क्यूबिटांचे पूर्ण वर्णन लिहायचे तर २ चा ३०० वा घात इतके आयाम लिहावे लागतील. ही संख्या ९१ अंकी आहे. दृश्य विश्वातील अणूंची अंदाजी संख्या ८१ अंकी आहे, म्हणजे ते लिहायला विश्वातला कागद पुरायचा नाही!

इथेच माणूस घसरतो. "एवढ्या सगळ्या शक्यता आत आहेत ना? मग यंत्राने त्या सगळ्या तपासल्याच की!" पण थांबा. त्या ३०० क्यूबिटांकडे तुम्ही पाहिलेत, म्हणजे मापन केलेत, की तुमच्या हाती पडते ३०० बिटांची फक्त एक ओळ. बाकी सारे नाहीसे होते. अलेक्झांडर होलेवो या रशियन गणितज्ञाने १९७३ साली सिद्ध करून ठेवले आहे की, अमुक इतक्या क्यूबिटांतून वाचून काढता येणारी माहिती तितक्याच बिटांपेक्षा जास्त असू शकत नाही. सगळे आयाम सारखेच ठेवले तर कोणती ओळ मिळेल हे निव्वळ नशिबावर राहील. तसे उत्तर हवे असेल तर ३०० वेळा नाणे उडवावे. त्यासाठी कोट्यवधी रुपयांचे यंत्र कशाला?

मग फायदा येतो कुठून? तो वजा चिन्हातून येतो.

नाणेफेकीच्या संभाव्यता नेहमी धन असतात. एकाच घटनेकडे जाणाऱ्या दोन वाटा असल्या तर संभाव्यतांची बेरीज होते, ती कमी कधीच होत नाही. आयामांचे तसे नाही. एका वाटेने +१/२ आले आणि दुसऱ्या वाटेने -१/२ आले, तर बेरीज शून्य. दोन्ही वाटा उघड्या असूनही ती घटना घडतच नाही. तळ्यात दोन खडे टाकले तर काही ठिकाणी लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि तेथले पाणी जवळजवळ स्तब्ध राहते. भौतिकशास्त्रात याला व्यतिकरण म्हणतात. क्वांटम संगणकाचे सारे कसब एवढेच की चुकीच्या उत्तरांचे आयाम एकमेकांना खाऊन टाकतील आणि बरोबर उत्तराचे आयाम एकत्र येतील, अशी मांडणी करायची.

हे शब्दांत पटणार नाही. कागद-पेन्सिल घ्या. चार बंद पेट्या आहेत आणि त्यांपैकी एकीत बक्षीस आहे. आपल्याजवळ एक तपासनीस आहे. त्याला पेटी दाखवली की "हीच" किंवा "ही नव्हे" एवढेच तो सांगतो. बक्षीस कुठे आहे हे त्याला आधी ठाऊक असण्याची गरज नाही. कुलपाला आपली किल्ली कोणाच्या खिशात आहे हे ठाऊक नसते, पण लावली की ओळखते, तसेच हे. साध्या पद्धतीने शोधताना कधी एका, कधी दोन, तर कधी तीन प्रश्नांत काम होते. चौथा प्रश्न लागत नाही, कारण तीन पेट्या रिकाम्या निघाल्या की उत्तर उघडच असते. सरासरी सव्वादोन प्रश्न पडतात.

आता क्वांटम पद्धत पाहा. दोन क्यूबिट घेतले, चार शक्यता झाल्या. सुरुवातीला चारही आयाम सारखे, म्हणजे प्रत्येकी १/२ ठेवू. वर्ग १/४, चारांची बेरीज १. हिशेब जुळला. बक्षीस तिसऱ्या पेटीत आहे असे धरू. आपल्याला ते माहीत नाही. तपासनिसाला आपण एकच प्रश्न विचारतो आणि तो "हीच" असलेल्या पेटीच्या आयामाचे चिन्ह बदलतो. आता आयाम झाले : १/२, १/२, -१/२, १/२. या घडीला मापन केले तर काही लाभ नाही. वर्ग सगळे १/४ च आहेत. वजा चिन्ह आत आहे, पण ते बाहेरून दिसत नाही.

पुढची क्रिया अशी. चारही आयामांची सरासरी काढा. ती १/४ येते. आता प्रत्येक आयाम सरासरीच्या जितका वर असेल तितका खाली न्या, आणि जितका खाली असेल तितका वर न्या. १/२ हा सरासरीच्या १/४ वर आहे. तो १/४ खाली गेला की ० होतो. -१/२ हा सरासरीच्या ३/४ खाली आहे; तो ३/४ वर गेला की १ होतो. नवे आयाम : ०, ०, १, ०. आता मापन करा. तिसरीच पेटी मिळणार, शंभर टक्के. प्रश्न विचारला एकच!

ही रीत लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ साली मांडली. ते मूळचे भारतीय, दिल्लीच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी, त्या वेळी ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत होते.

आता खरी गंमत. समजा, आपल्याला उत्तर मिळाले आहे हे न कळून आपण आणखी एक फेरी केली. तिसऱ्याचे चिन्ह बदलले : ०, ०, -१, ०. सरासरी -१/४. उलटापालट केली की येते : -१/२, -१/२, १/२, -१/२. वर्ग केले तर पुन्हा सगळे १/४! जास्त काम केले आणि हातात आलेले उत्तर घालवून बसलो. "सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो" असे म्हणणाऱ्याला मी हाच प्रश्न विचारीन : एकदा सगळे तपासून झाले, मग दुसऱ्यांदा तपासल्यावर उत्तर हरवते कसे? त्याच्या वाक्यात याचे उत्तर नाही. आपल्या चार अपूर्णांकांत आहे.

शिक्षकांपैकी काही जण म्हणतील, "लहान मुलांना सोपे करून सांगावेच लागते. बोरचा अणू तरी कुठे पूर्ण खरा आहे? तो आपण शिकवतोच." हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. बोरचे प्रारूप अपुरे आहे, पण त्याला हायड्रोजनाच्या वर्णपटाविषयी विचारा, ते बरोबर संख्या देते. "सगळे एकाच वेळी" या वाक्याला काहीही विचारा, ते चुकीचेच सांगते. दहा लाख पेट्यांत बक्षीस शोधायला किती प्रश्न लागतील? त्या वाक्याप्रमाणे एक. ग्रोव्हरच्या रीतीने सुमारे ७८५. साध्या रीतीने सरासरी पाच लाख. पाच लाखांवरून ७८५ ही मोठीच मजल आहे, परंतु ७८५ म्हणजे एक नव्हे. शिवाय बेनेट, बर्नस्टाइन, ब्रासार्ड आणि वझिरानी या चौघांनी सिद्ध केले आहे की, पेट्यांची रचना अजिबात माहीत नसेल तर कोणताही क्वांटम संगणक वर्गमुळाच्या या मर्यादेपलीकडे फारसा जाऊ शकत नाही. गाळून सांगणे वेगळे, नसलेले घालून सांगणे वेगळे. पहिले शिक्षकाला चालते.

मग क्वांटम संगणकाचा भरघोस फायदा कुठेच नाही का? आहे, पण जिथे प्रश्नातच काही ठेवण दडलेली असते तिथे. पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवलेले उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. एखादी मोठी संख्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली असेल, तर ते अवयव शोधणे साध्या संगणकाला महाकठीण जाते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अडचणीवर एक गुप्तलेखनाची पद्धत उभारली आणि ती पुढे जगभर वापरात आली. शोर यांनी काय केले? १५ घेऊन पाहा. २ चे घात लिहा आणि प्रत्येकाला १५ ने भागून बाकी लिहा : १, २, ४, ८, १, २, ४, ८... दर चार पावलांनी तेच आकडे परत येतात. हा आवर्तकाल ४. त्याच्या निम्मे २. २ चा वर्ग ४. त्यातून १ वजा केला तर ३, त्यात १ मिळवला तर ५. झाले, १५ चे अवयव! मोठ्या संख्येत हा आवर्तकाल अवाढव्य असतो आणि तो शोधण्यातच सारी अडचण असते. आवर्तन म्हणजे लय, आणि लय असेल तिथे लाटा नेमक्या जागी जुळतात व इतरत्र एकमेकींना मारतात. म्हणून येथे वर्गमुळाची बचत नव्हे, तर त्याहून कितीतरी पटींनी मोठी बचत होते.

हे काम प्रत्यक्षात झाले आहे का? २००१ साली आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत सात क्यूबिटांवर १५ चे अवयव पाडले गेले. हसू नका, पहिले विमानही फार दूर गेले नव्हते. मात्र वापरातल्या मोठ्या, २०४८ बिटांच्या संख्येसाठी २०१९ मधील एका अभ्यासानुसार सुमारे २ कोटी क्यूबिट लागणार होते. २०२५ साली त्याच संशोधकांपैकी एकाने, क्रेग गिडनी यांनी, हा अंदाज १० लाखांच्या आत आणला आणि काम एका आठवड्याच्या आत होईल असे दाखवले. यंत्रे अजून त्याच्या आसपासही नाहीत, पण अंदाज कोणत्या दिशेने सरकतो आहे ते पाहा. म्हणून तर अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये, क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नयेत अशा हेतूने बनवलेल्या नव्या गुप्तलेखन पद्धतींची मानके प्रसिद्ध केली. आज चोरून साठवलेला संदेश वीस वर्षांनी फोडता येणार असेल, तर काळजी आजच करावी लागते.

माझ्या मते याहूनही मोलाचा उपयोग दुसराच आहे, आणि या साऱ्या कल्पनेचा एक उगमही त्यातच आहे. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मधील एका व्याख्यानात असा मुद्दा मांडला की, निसर्ग स्वतःच क्वांटम नियमांनी चालतो; मग त्याची नक्कल करायला यंत्रही तसेच हवे. रेणूतील इलेक्ट्रॉनांचे वर्णन साध्या संगणकात करू गेल्यास तीच दुप्पट-दुप्पट आडवी येते. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतले जिवाणू हवेतील नायट्रोजन साध्या तापमानाला पकडतात. खत कारखान्यात तेच काम करायला ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. जिवाणूंच्या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम यांचा एक छोटा पुंजका असतो आणि तेथेच ही किमया घडते. त्याच्या इलेक्ट्रॉनांचा चोख हिशेब करणे हे भावी क्वांटम संगणकाचे एक ध्येय मानले जाते. तो झाला म्हणजे खत लगेच स्वस्त होईल असे कोणी समजू नये. पण प्रश्न मोलाचा आहे आणि यंत्राच्या स्वभावाला साजेसा आहे.

फायद्याचे दावे तपासूनच घ्यावे लागतात, याला २०१८ सालची एक हकीकत साक्ष आहे. एखाद्याची आवड ओळखून त्याला पुस्तके किंवा चित्रपट सुचवण्याच्या कामात क्वांटम संगणक प्रचंड वेगवान ठरेल, अशी रीत केरेनिडिस आणि प्रकाश यांनी २०१६ मध्ये दिली होती. साध्या संगणकाला हे जमणे शक्य नाही, हे सिद्ध करण्याचे काम टेक्सास विद्यापीठातील इविन टँग या १८ वर्षांच्या विद्यार्थिनीला मिळाले. ते सिद्ध होईना, तेव्हा तिने उलट्या बाजूने विचार केला आणि साध्या संगणकासाठीच जवळजवळ तितकी चांगली रीत शोधून काढली. तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठी मुलगी! गूगलने २०१९ साली ५३ क्यूबिटांच्या यंत्रावर २०० सेकंदांत एक हिशेब केला आणि महासंगणकाला त्याला १०,००० वर्षे लागतील असे म्हटले. आय.बी.एम.ने लगेच अडीच दिवसांचा अंदाज दिला, आणि २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी ते काम साध्या प्रक्रियकांवर सुमारे १५ तासांत केल्याचे दाखवले. तो हिशेब तसाही कोणाच्या उपयोगाचा नव्हता. यंत्राची ताकद पाहण्यासाठी मुद्दाम रचलेला होता.

आजच्या यंत्रांची मोठी अडचण म्हणजे चुका. बाहेरचा जराही उपद्रव झाला की आयाम बिघडतात. म्हणूनच अतिसंवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या सुमारे शंभराव्या भागाइतक्या थंडीत ठेवतात. अनेक क्यूबिट मिळून एक भरवशाचा क्यूबिट बनवायचा हा त्यावरचा उपाय. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्यूबिटांच्या यंत्रावर दिसले की, असे जाळे ३ बाय ३ वरून ५ बाय ५ आणि मग ७ बाय ७ केले की दर वेळी चुका सुमारे निम्म्या होतात. मला विचाराल तर २०१९ च्या गाजावाजापेक्षा ही बातमी मोठी होती. वर्तमानपत्रांत मात्र ती पुन्हा "सगळी उत्तरे एकाच वेळी" याच थाटात आली.

आपल्या देशाशीही या विषयाचे जुने नाते आहे. अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले. चोराला नक्कल करता येत नाही, म्हणजे गुप्त किल्ली पाठवायला ही सोयच झाली! या तत्त्वावरची पद्धत बेनेट आणि ब्रासार्ड यांनी डिसेंबर १९८४ मध्ये जगापुढे ठेवली, ती बंगलोरच्या एका परिषदेत. अलीकडे, एप्रिल २०२३ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी ६ क्यूबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पार पाडली. हा पैसा तुमच्या-आमच्या करांचा आहे. त्यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे समजणारे नागरिक हवे असतील तर त्यांची तयारी शाळेतच व्हायला हवी. ज्याला फायद्याचे कारण ठाऊक नाही, त्याला "क्वांटम" हा शब्द छापलेले लॉकेटही विकता येते. अशी लॉकेटे बाजारात आहेत!

म्हणून शिक्षकांना माझी सूचना अशी की, या विषयाला एक तास द्यावा. तक्ता, चित्रफीत काही नको. चार विद्यार्थी फळ्यासमोर उभे करावेत, प्रत्येकाच्या हाती आयामाची पाटी द्यावी, पाचव्याला तपासनीस करावे आणि सहाव्याने सरासरी काढावी. तपासनिसाने कोणाचे चिन्ह बदलले हे वर्गापासून गुप्त ठेवावे. सरासरी आणि उलटापालट झाली की कोणाच्या हाती १ उरतो ते वर्ग स्वतःच पाहील. मग दुसरी फेरी करावी, आणि मुले काय प्रश्न विचारतात ते ऐकावे.

आणि मित्रांनो, तुम्ही घरी आठ पेट्या घेऊन पाहा. वर्गमुळाचा त्रास नको असेल तर प्रत्येक आयाम १ धरून सुरुवात करा आणि शेवटी वर्गाला ८ ने भागा. पहिल्या फेरीअखेर बक्षिसाच्या पेटीची संभाव्यता २५/३२ यायला हवी. दुसऱ्या फेरीनंतर ती किती होते? तिसऱ्या फेरीनंतर? यंत्र तुमच्या हाती असते तर तुम्ही कोणत्या फेरीला थांबून पेटी उघडली असती, आणि दहा लाख पेट्या असताना कुठे थांबायचे हे आधीच कसे ठरवले असते?